दोन वेग, एक तार

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामाविषयी लिहावे, अशी स्मरणिकेच्या संपादक मंडळाची सूचना आहे. आमच्या तुकडीतील अनेकांनी मोठी पदे भूषविली. त्यांचे लेख या अंकात असतीलच. आम्ही तिघे त्या मानाने लहान कामे करणारे. एक भोसरीच्या कारखान्यात लेथवर आहे, एकाचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि एक महानगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवितो. गेली दोन वर्षे सुटीच्या दिवशी निगडीतील एका दोन खोल्यांच्या घरात आम्ही प्लॅस्टिकची बारीक तार काढण्याचे यंत्र चालवीत आहोत. त्या यंत्राच्या मोटारीचा वेग कसा ठरवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसेल. परंतु त्याने आम्हांस जे शिकविले ते आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेपासून गिरणगावापर्यंत पोहोचणारे आहे, म्हणून ते येथे सविस्तर मांडीत आहोत.

थ्री-डी प्रिंटर या यंत्राला शाई लागत नाही, प्लॅस्टिकची तार लागते. तिला फिलामेंट म्हणतात. प्रिंटर ही तार वितळवून एकावर एक पातळ थर देत जातो आणि त्यातून वस्तू उभी राहते. घरगुती प्रिंटरसाठी बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीची तार वापरतात. पीएलए नावाचे प्लॅस्टिक मका, ऊस अशा पिकांतील साखरेपासून बनते. त्याची एक किलो तार सुमारे ३३५ मीटर भरते. बाजारात ती घ्यावयाची तर किलोला साधारण हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. छपाई करताना आधारासाठी उभारलेले भाग मागाहून तोडून टाकावे लागतात, काही वस्तू अर्ध्यावर बिघडतात. हा सर्व चुरा वाया जातो. तो पुन्हा वितळवून त्याची तार करता आली, तर शाळेच्या कामाचा खर्च बराच उतरेल, हा आमचा मूळ हेतू होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रिंटर तारेची जाडी मोजत नाही, तो ती गृहीत धरतो. तार १.७५ मिलिमीटरचीच आहे असे मानून तो तिची ठरावीक लांबी पुढे ढकलतो. प्लॅस्टिकचे प्रमाण मात्र जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून १.६५ मिलिमीटरची तार दिली, तर जाडीत फरक केवळ एक दशांश मिलिमीटरचा, पण वस्तूत पडणारे प्लॅस्टिक ११ टक्क्यांनी कमी होते. थरांत फटी राहतात, कडा बोटाच्या दाबाने तुटतात. उलट तार १.९ च्या पुढे गेली, तर ती प्रिंटरच्या नळीतच अडकते. विकत मिळणाऱ्या चांगल्या तारेत हा फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत ठेवलेला असतो. घरात बसून तेवढी काटेकोर तार काढावयाची, हे आमच्यापुढील काम.

ही काटेकोर तार आम्हांस कशासाठी हवी होती, तेही सांगितले पाहिजे. आमच्यातील शिक्षक मित्राच्या शाळेत अल्पदृष्टी असलेली काही मुले आहेत. भिंतीवरील नकाशा त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांच्यासाठी बोटांनी वाचता येतील असे उठावाचे नकाशे छापावेत, असे ठरले. सह्याद्रीची रांग उंच, नद्या बारीक उठलेल्या रेषांच्या, शहरे ठिपक्यांची. घरी काढलेल्या तारेवर छापलेला चाचणीचा पहिला नकाशा सातवीतील एका मुलीच्या हातात दिला. तिचे बोट महाबळेश्वराहून निघाले, वाई ओलांडून कऱ्हाडपर्यंत कृष्णेवरून अगदी नीट आले आणि सांगलीच्या अलीकडे थांबले. तेथे तार बारीक झाली होती आणि नदीची रेषा सुमारे अर्धा सेंटीमीटर तुटली होती. तिने विचारले, "सर, इथं धरण आहे का?"

ज्याला दिसते तो मुलगा नकाशातील फट पाहून ती छपाईतील उणीव समजतो. जिची बोटे हेच डोळे आहेत, तिच्यासाठी ती फट भूगोल असते. एक दशांश मिलिमीटरचा फरक एका मुलीच्या मनात नसलेले धरण बांधू शकतो, हे त्या प्रश्नाने आम्हांस दाखविले. त्या दिवसापासून तारेची जाडी ही आमच्यासाठी केवळ काटकसरीची बाब राहिली नाही.

अशा घरगुती यंत्राचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत २०१२ साली एक स्पर्धा जाहीर झाली. प्लॅस्टिकच्या दाण्यांपासून तार काढणारे, सुट्या भागांचा खर्च २५० डॉलरपेक्षा कमी असलेले यंत्र तयार करावे आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला करावा, अशा तिच्या अटी होत्या. वॉशिंग्टन राज्यातील ह्यू लायमन या निवृत्त गृहस्थांनी २०१३ साली ती जिंकली. तेव्हा त्यांचे वय ८३ वर्षांचे होते आणि पारितोषिक ४० हजार डॉलरचे. त्यांच्या खुल्या आराखड्यावरून जगभर अनेकांनी घरोघरी यंत्रे बांधली. आपल्या पुण्यातही 'प्रोटोप्रिंट' या उपक्रमाने कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेबरोबर टाकाऊ प्लॅस्टिकपासून तार काढण्याचे काम हाती घेतले होते. म्हणजे हे ज्ञान दूरचे नाही आणि बंद कपाटातलेही नाही.

यंत्राची रचना साधी आहे. वर चुरा घालण्याचे नरसाळे, त्याला हॉपर म्हणतात. खाली लोखंडी नळी आणि तिच्यात फिरणारा लांब स्क्रू. स्क्रू चुऱ्याला पुढे ढकलतो, नळीच्या टोकाजवळील हीटर त्याला सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितो आणि वितळलेले प्लॅस्टिक पुढच्या भोकातून, म्हणजे नोझलमधून, बाहेर येते. बाहेर आलेली मऊ तार पंख्याच्या वाऱ्याने थंड होते आणि रिळावर गुंडाळली जाते. स्क्रू फिरविण्यासाठी आम्ही जुन्या बाजारातून मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार आणली. तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे फेरे कमी आणि जोर मोठा मिळतो. आमचा स्क्रू मिनिटाला १२ फेरे घेतो आणि तासाला सुमारे २०० ग्रॅम प्लॅस्टिक बाहेर देतो. एका किलोला पाच तास लागतात.

मोटारीचा वेग कमी-जास्त करण्यासाठी तिच्या मार्गात नुसता रोधक घालणे उपयोगाचे नाही. भार वाढला की मोटार अधिक वीज मागते, तीच वीज रोधकात अडते आणि नेमक्या जोराच्या वेळी मोटार गप्प होते. त्याऐवजी वीज क्षणात अनेक वेळा चालू-बंद करणारा नियंत्रक वापरतात. चालू राहण्याचा काळ वाढविला की वेग वाढतो, घटविला की घटतो. त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात आणि तो इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. त्याची घुंडी फिरवून वेग हवा तेथे आणता येतो. प्रश्न असा की तो तेथे राहतो का?

तो राहत नाही, आणि का राहत नाही हे आमच्या रिवाइंडिंगवाल्या मित्राने समजावून दिले. मोटार फिरते तेव्हा ती स्वतःच एक उलटा विद्युतदाब निर्माण करते. बाहेरून आलेला दाब आणि हा उलटा दाब यांच्या मेळावर तिचा वेग ठरतो. नळीत एखादा मोठा तुकडा अडला की भार वाढतो, वेग पडतो, मोटार जास्त वीज ओढते आणि तापते. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्का. तीन तासांनी मोटार ४० अंशांनी तापली असेल, तर रोध १६ टक्क्यांनी वाढलेला असतो. घुंडी सकाळच्याच खुणेवर असते, पण त्या खुणेचा अर्थ बदललेला असतो. म्हणून घुंडीवरील आकड्यावर विसंबून चालत नाही. प्रत्यक्ष फिरणारा आस मोजावा लागतो.

लेथवरच्या मित्राने २४ खाचांची एक चकती कातून स्क्रूच्या आसावर बसविली. खाच समोरून गेली की प्रकाशावर चालणारा सेन्सर ती टिपतो. मिनिटाला १२ फेरे, प्रत्येक फेऱ्यात २४ खाचा, म्हणजे मिनिटाला २८८ खुणा. एक छोटे आर्डुइनो मंडल या खुणा मोजते. त्या कमी पडल्या तर वीज थोडी वाढविते, जास्त झाल्या तर घटविते. चुराही आम्ही चाळून घेऊ लागलो. तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा हॉपरमध्ये जाऊ द्यावयाचा नाही. यामुळे स्क्रूचा वेग बांधला गेला. परंतु तारेची जाडी अजूनही बांधली गेली नव्हती.

त्या वेळी आमच्या यंत्रात तार ओढण्याचे काम रीळच करीत असे. घरगुती यंत्रांची आरंभीची रचना पुष्कळदा अशीच असते. एक मोटार स्क्रूला, दुसरी रिळाला. पहिले दहा-वीस मीटर तार उत्तम निघे. पुढे मात्र ती हळूहळू बारीक होत जाई. तापमान तेच, स्क्रू तोच, पंखा तोच. आम्ही आकडे लिहीत होतो, पण त्यांतून कारण दिसत नव्हते.

ते कारण सांगितले आबांनी. आबा हे आमच्यातील एकाचे वडील. सातारा जिल्ह्यातील गावाहून सत्तरच्या दशकात मुंबईला गेले आणि गिरणीच्या रिंग खात्यात सूत कातण्यावर लागले. त्यांचे वडीलही त्याच खात्यात होते. हा योगायोग नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार अधिक होता. पण धोट्यातील कांडी संपली की नवीन धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. म्हणून आपल्या माणसांना विणाई खात्याचे दार बंद आणि कताईचे तेवढे उघडे. सन १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. अशा रीतीने आबांच्या घरात दोन पिढ्या सूत कातले गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. आबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. ते गावी परतले, मिळेल ते काम केले आणि मुलाला आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात ठेवले. गिरणीविषयी ते घरात क्वचितच बोलत.

आबा आमच्या यंत्राजवळ खुर्ची टाकून बसत. एके दुपारी त्यांनी रिळावरची तार दोन बोटांत धरली, थोडा वेळ तशीच बोटांतून जाऊ दिली आणि म्हणाले, "आरं, भोकानं जाडी ठरत न्हाय. मागनं किती येतंय आन् म्होरनं किती वढतंय, त्यावर सूत ठरतं. तुमचं वढणं सारखं वाढतंय."

रिंग मशिनवर रुळांच्या जोड्या असतात. कापसाची जाड वात मागच्या रुळांतून आत येते आणि पुढचे रूळ तिला अधिक वेगाने ओढतात. पुढचे रूळ मागच्यांच्या वीसपट वेगाने फिरले, तर त्याच लांबीच्या सुताचे वजन वातीच्या विसाव्या भागावर येते. सुताचा बारीकपणा दोन वेगांच्या प्रमाणात असतो. आमच्या यंत्रातही नेमके तेच घडत होते. स्क्रू हा मागचा रूळ आणि रीळ हा पुढचा. रीळ भरत जाते तशी त्याची त्रिज्या वाढते. रिकाम्या रिळाची त्रिज्या ५ सेंटीमीटर असेल, तर एका फेऱ्यात ते सुमारे ३१ सेंटीमीटर तार ओढते. भरून ती ९ सेंटीमीटर झाली की त्याच एका फेऱ्यात ५६ सेंटीमीटर ओढते. फेरे तेवढेच, ओढ जवळजवळ दुप्पट. हिशेब मांडला तर १.७५ मिलिमीटरची तार रीळ भरताना १.३ मिलिमीटरवर येते. सांगलीच्या अलीकडे कृष्णा तुटली ती येथे.

उपाय हिशेबातूनच निघाला. ओढण्याचे आणि गुंडाळण्याचे काम वेगळे केले. रबर चढविलेले दोन रूळ आणि त्यांना स्वतंत्र मोटार बसविली. तार त्यांच्यामधून जाते. रिळाला घसरणारी पकड दिली, त्यामुळे ते फक्त आलेली तार गुंडाळते, ओढीत नाही. रुळाचा व्यास ४० मिलिमीटर. तासाला २०० ग्रॅम पीएलए १.७५ मिलिमीटरने काढावयाचे तर तार मिनिटाला सुमारे १.१ मीटर ओढली पाहिजे, म्हणजे रुळाचे मिनिटाला सुमारे ९ फेरे. ओढ वाढली की जाडी वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. ओढ एक टक्क्याने वाढविली तर जाडी अर्ध्या टक्क्याने कमी होते, म्हणजे जवळजवळ ०.००९ मिलिमीटर. एवढा बारीक ताबा हीटरच्या घुंडीने कधीच मिळाला नसता.

आबांनी दुसरी गोष्ट सांगितली ती मोजण्याविषयी. गिरणीत सुताचा नंबर डोळ्यांनी ठरवीत नसत. १२० यार्ड सूत मोजून घेत, त्याला ली म्हणत, आणि त्याचे वजन करीत. आम्ही तोवर केवळ व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजीत होतो. आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेजने तारेचा व्यास काढताना एकाच ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजून सरासरी लिहावी लागे. तार पूर्ण गोल असेलच असे मानू नका, हे तेव्हा मनावर ठसविले गेले होते. त्या सवयीचा येथे फार उपयोग झाला. तरीही कॅलिपर एका बिंदूची जाडी सांगतो, दहा मीटरांची नाही. वजन सर्वांची सांगते. पीएलएची १.७५ मिलिमीटरची दहा मीटर तार २९.८ ग्रॅम भरली पाहिजे. सोनारकामाचा छोटा काटा आणि दहा मीटरची मोजलेली दोरी, एवढ्यावर हे काम होते. आता आम्ही प्रत्येक रिळाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी दहा मीटर तोलतो आणि मधल्या काळात कॅलिपर लावतो.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र आकडे काढण्याची नव्हती, थांबण्याची होती. आमचा कॅलिपर नोझलपासून ६० सेंटीमीटरवर आहे. तेथे जी तार आपण मोजतो ती अर्ध्या मिनिटापूर्वी नोझलमधून निघालेली असते. जाडी जास्त दिसली म्हणून ओढ वाढविली आणि लगेच पुन्हा मोजले, तर कॅलिपर अजून जुनीच तार दाखवितो. अधीर माणूस पुन्हा घुंडी फिरवितो. अर्ध्या मिनिटाने दोन्ही बदलांचे फळ एकदम येते आणि तार हवी त्याहून बारीक होते. मग तो उलट फिरवितो. असे करीत तार जाड-बारीक अशी झोके घेऊ लागते आणि दोष यंत्राला मिळतो.

प्रत्येक घुंडीचा असा आपला उशीर असतो. ओढीच्या बदलाचे फळ अर्ध्या मिनिटात दिसते. स्क्रूचा वेग बदलला तर नळीतील दाब स्थिरावण्यास काही मिनिटे जातात. तापमान बदलले तर लोखंड, प्लॅस्टिक आणि दाब हे तिन्ही जागेवर येण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. यावरून आमचा क्रम ठरला. प्रथम तापमान लावावे आणि पुन्हा त्याला हात लावू नये. मग स्क्रूचा वेग बांधावा आणि तोही सोडून द्यावा. त्यानंतर जे करावयाचे ते केवळ ओढीच्या घुंडीने करावे. एका वेळी थोडेच करावे, त्याचे फळ कॅलिपरपर्यंत येऊ द्यावे, वहीत लिहावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा. दोन घुंड्या एकदम फिरविल्या तर तार सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि जे कळले नाही ते दुसऱ्यांदा करता येत नाही.

नवे रूळ बसविले त्या रविवारी तार १.८५ मिलिमीटर भरत होती. आम्ही आबांना ओढीच्या घुंडीशी बसविले. त्यांनी आमच्याकडे पाहिले. गिरणीत सुताचा नंबर बदलण्याची चाके फिटरच्या हाती असत. धागे सांधणाऱ्याने त्यांना हात लावावयाचा नाही, असा दंडक. वर्षानुवर्षे त्यांनी दुसऱ्याने ठरविलेल्या वेगामागे धावून तुटलेले धागे जोडले; तो वेग कमी-जास्त करण्याचा प्रसंग त्यांच्यावर एकदाही आला नव्हता. त्यांनी घुंडी हलकेच फिरविली. ९ फेऱ्यांचे १० झाले. मग हात मांडीवर ठेवून ते तारेकडे पाहत राहिले. आमच्यातील एकाचा हात कॅलिपरकडे गेला तेव्हा ते म्हणाले, "दम खा. अजून जुनीच हाय ती." अर्ध्या मिनिटाने त्यांनीच मान हलविली. कॅलिपरवर १.७६ आले.

त्या संध्याकाळी आबा पुष्कळ बोलले. खात्यातील उकाडा, नाकातोंडात जाणारा कापूस, पहिल्या पाळीचा भोंगा, त्यांच्या वडिलांनी वेगळ्या माठातून प्यालेले पाणी. त्यांच्या मुलाने यांतील बहुतेक गोष्टी त्या दिवशी प्रथम ऐकल्या. गिरणी गेल्यावर आपली विद्याही तिच्याबरोबर गेली, असे त्यांनी धरून ठेवले होते. ती गेली नव्हती. तिला विचारणारे कोणी नव्हते, एवढेच.

पुढील रीळ आरंभी २९.६, मध्ये २९.९ आणि शेवटी २९.७ ग्रॅम भरले. त्या तारेवर नकाशा पुन्हा छापला. शाळेतील त्या मुलीचे बोट महाबळेश्वराहून निघाले, कऱ्हाडला कोयनेच्या संगमावर क्षणभर रेंगाळले आणि सांगलीवरून थेट राज्याच्या सीमेपर्यंत गेले. तिने धरणाविषयी काही विचारले नाही. तिचा प्रश्न निराळा होता, "सर, पुढं नदी कुठं जाते?" त्यामुळे आता कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश यांचाही नकाशा करणे आले.

ज्यांना असे यंत्र बांधण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी थोड्या व्यावहारिक गोष्टी. पीएलए हवेतील ओलावा शोषते आणि ओल्या प्लॅस्टिकमध्ये वितळताना बुडबुडे येतात, तार ठिसूळ होते. म्हणून चुरा काही तास ५० अंशांच्या आसपास वाळवून घ्यावा. निरनिराळी प्लॅस्टिके कधीही एकत्र करू नयेत. विशेषतः पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपाचे प्लॅस्टिक, चुऱ्यात येऊ देऊ नये. ते तापले की हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हॉपरमध्ये काही अडकल्यास प्रथम वीज पूर्ण बंद करावी. वायपरची मोटार लहान दिसली तरी स्क्रूमध्ये सापडलेले बोट ती सोडत नाही. लहान मुलांनी यंत्र पाहावे, पण हात मोठ्यांचे असावेत.

यंत्राची सर्व चित्रे, खाचांच्या चकतीचे माप, आर्डुइनोतील आज्ञावली आणि दोन वर्षांच्या नोंदींची वही यांची प्रत आम्ही विद्यालयाच्या प्रयोगशाळेस देत आहोत. विज्ञान शिक्षकांनी नववी-दहावीच्या मुलांकडून निदान एक प्रयोग अवश्य करून घ्यावा: ओढीचा वेग पाच वेळा बदलून दहा-दहा मीटरचे वजन करणे आणि त्याचा आलेख काढणे. व्यस्त प्रमाण म्हणजे काय, हे त्या आलेखातून जितके समजेल तितके फळ्यावरून समजणार नाही.

पालकांना आणि समाजातील वडीलधाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी गिरणीत, कोणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कोणी टांकसाळीत, कोणी बंदरात आयुष्य घालविले असेल. त्या कामात हातांना जे कळत होते ते मुलांना सांगावे. वसतिगृहात एका संध्याकाळी येऊन बसावे. मुले प्रश्न विचारतील. आणि मुलांनीही विचारावे, कारण आमच्या घरात ही गोष्ट चाळीस वर्षे खुर्चीवर बसून होती आणि एक तार बारीक झाली म्हणून बोलली.